प्रयोगाच्या तासाला डोकंही चाललं पाहिजे: विज्ञान शिक्षकांसाठी पायरीपायरीने

पाणी उकळत होतं. बीकरमधून वाफ येत होती, बुडबुडे तळापासून निघून थेट वर येऊन फुटत होते आणि स्टँडला टांगलेल्या थर्मामीटरमधली लाल रेघ ९७ वर येऊन थांबली होती. गटातल्या एका मुलीने वाकून, डोळा रेघेच्या समोर आणून नीट वाचन घेतलं. वहीत ९७ लिहिलं. मिनिटभराने पुन्हा पाहिलं, पुन्हा ९७. मग तिने शेजारच्या गटाच्या वहीत डोकावलं, खोडरबर काढलं आणि ९७ खोडून १०० लिहिलं.

मी विचारलं, "का गं, खोडलंस का?"

"बाई, पाणी शंभरलाच उकळतं ना. आमचा थर्मामीटर बिघडलाय."

तिचं काही चुकलं नव्हतं. त्या दिवशी मीच फळ्यावर उद्देश, साहित्य, कृती आणि निष्कर्ष असं सगळं आधी लिहून ठेवलं होतं. निष्कर्षात १०० होतं. उत्तर आधीच हातात दिल्यावर समोरच्या पाण्याकडे बघायचं कारणच उरत नाही. मुलांनी गॅस पेटवला, पाणी तापवलं, थर्मामीटर वाचला, वही पूर्ण केली, आणि तरीही त्या चाळीस मिनिटांत विज्ञान घडलं नाही.

ही गोष्ट फक्त माझ्या वर्गातली नाही. इयन अब्राहम्स आणि रॉबिन मिलर या दोन संशोधकांनी इंग्लंडमधल्या माध्यमिक शाळांत प्रयोगाचे २५ तास बसून पाहिले आणि २००८ मध्ये त्यावर लिहिलं. सांगितलेली कृती मुलं बहुतेक वेळा बरोबर करत होती. पण त्या कृतीमागची कल्पना वापरून विचार करणं, त्याबद्दल बोलणं, हे फार कमी दिसलं. मला हे वाचून धक्का बसला नाही. ते खोडरबर आठवलं.

त्यानंतर मी प्रयोगाचा तास घ्यायची पद्धत हळूहळू बदलत गेले. प्रयोगाचं खरं मोल ज्या क्षणी मुलाचा अंदाज आणि समोरचं दृश्य जुळत नाही, त्या क्षणात असतं असं मला पक्कं वाटतं. तो क्षण आपोआप येत नाही, त्याची तयारी करावी लागते. ती कशी करायची, ते पुढे लिहिते आहे.

पहिली पायरी: हा तास कशासाठी, ते एका वाक्यात लिहा

प्रयोग आपण वेगवेगळ्या कारणांसाठी घेतो. कधी एखादी गोष्ट डोळ्यांनी दाखवायची असते: चुंबकाभोवती लोहकीस कसा मांडला जातो, लिटमस कसा रंग बदलतो. कधी हात बसवायचा असतो: सूक्ष्मदर्शक जुळवणं, मोजपात्रातल्या पाण्याची पातळी खालच्या वक्रापाशी वाचणं. आणि कधी एखादी शंका तपासायची असते. तिन्ही कारणं चांगली आहेत. एकाच तासात तिन्ही कोंबली की गडबड होते.

सूक्ष्मदर्शकाचंच घ्या. कांद्याचा पापुद्रा काढा, आयोडीन टाका, काचपट्टी बनवा, जुळवा, पेशी बघा, आकृती काढा, भागांना नावं द्या, हे सगळं पहिल्याच दिवशी सांगितलं की निम्मी मुलं जाड काळ्या कडेचा सुंदर गोल काढून त्याला पेशी म्हणतात. तो हवेचा बुडबुडा असतो. म्हणून आता पहिल्या तासाला मी पेशीचं नावच काढत नाही. छापील कागदावरचं एक अक्षर, एक केस आणि मुद्दाम बनवलेला हवेचा बुडबुडा, एवढंच बघायचं. अक्षर उलटं दिसतं, पट्टी डावीकडे सरकवली की चित्र उजवीकडे जातं, हे हाताला कळू द्यायचं. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात कप्पे पाहून त्यांना पेशी हे नाव दिलं, ही गोष्ट दुसऱ्या तासाला सांगावी. तोवर मुलांना काय शोधायचं ते दिसायला लागलेलं असतं.

तर, टाचणवहीत एकच वाक्य लिहा. 'आज मुलं अमुक करायला शिकतील' किंवा 'आज अमुक शंका तपासतील'. वाक्यात 'आणि' आला, तर तास दोन करा.

दुसरी पायरी: आदल्या दिवशी स्वतः करून बघा

मुलांना जे सामान मिळणार आहे त्याच सामानाने करा. कपाटातल्या चांगल्या संचाने केलेला सराव कामाला येत नाही. घड्याळ लावून करा आणि लागलेल्या वेळाची अडीच पट धरा, कारण मुलांना सामान ओळखायला, भांडायला आणि सांडायलाही वेळ लागतो.

करताना दोन गोष्टी टिपून ठेवा: कुठे हात अडखळतो, आणि उत्तर पुस्तकापेक्षा किती वेगळं येतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुमचाच थर्मामीटर ९७ दाखवतो हे तुम्हाला आदल्या दिवशी कळलं, तर दुसऱ्या दिवशी ती अडचण न राहता तासाचा मुख्य प्रश्न होऊ शकते.

तिसरी पायरी: छोटे गट, आधी भरलेले ट्रे

दोघांचा गट सर्वांत चांगला, तिघांचा चालतो. चारांच्या पुढे गेलात की दोघं करतात, एक लिहितो आणि बाकीचे खिडकीबाहेर बघतात. सामान कमी असेल तर अर्ध्या वर्गाला प्रयोग आणि अर्ध्या वर्गाला मागच्या प्रयोगाच्या नोंदींवर काम द्या, मग अदलाबदल करा. सहा जणांना एका स्टँडभोवती उभं करण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

कामं फिरती ठेवा. ज्याचं अक्षर चांगलं त्याच्याकडे कायम वही आणि जो धीट त्याच्याकडे कायम उपकरण, असं वर्षभर चालतं आणि आपल्या लक्षातही येत नाही. मुलींकडे वही आणि मुलांकडे वायर, हे तर फार सहज घडतं. तारीख लिहितानाच आज हात कोणाचा, नोंद कोणाची, हेही वहीत लिहायला लावा. महिन्याने पानं उलटली की चित्र स्वच्छ दिसतं.

चौथी पायरी: अंदाज पेनाने लिहून घ्या

सगळ्या पायऱ्यांत ही सर्वांत स्वस्त आहे आणि हिचाच परिणाम मला सर्वांत जास्त दिसला. उपकरणाला हात लावायच्या आधी प्रत्येक मुलाने दोन ओळी लिहायच्या: काय होईल असं वाटतं, आणि का. पेनाने लिहायचं, म्हणजे नंतर खोडता येत नाही. गटाने मिळून लिहायचं नाही, प्रत्येकाने आपापलं. अंदाज चुकला म्हणून गुण जाणार नाहीत हे आधी स्पष्ट सांगायचं, आणि तो शब्द पाळायचा.

अंदाज लिहिलेलं मूल वेगळ्या नजरेने बघतं. त्याचं काहीतरी पणाला लागलेलं असतं. अंदाज न लिहिलेलं मूल प्रयोगानंतर म्हणतं, "मला माहीतच होतं." त्याला खरोखरच तसं वाटत असतं, आणि म्हणूनच त्याच्या मनातली जुनी समजूत जशीच्या तशी राहते.

लंबकाचा एक तास

हे कसं घडतं ते एका प्रयोगावर जवळून दाखवते. सामान अगदी साधं: दोरा, एकसारखे चार-पाच नट, मोजपट्टी आणि सेकंद दाखवणारं घड्याळ.

प्रश्न असा: लंबकाची एक फेरी, म्हणजे या टोकापासून त्या टोकाला जाऊन परत यायला लागणारा वेळ, कशावर अवलंबून असेल? नट वाढवले तर? दोरा लांब केला तर? जास्त दूर ओढून सोडला तर? तीन प्रश्न, तीन अंदाज. जवळजवळ प्रत्येक वर्गात बहुसंख्य मुलं लिहितात की जड लंबक लवकर येईल.

मग मोजायचं कसं, हे त्यांनाच ठरवू द्या. पहिला गट एकच फेरी मोजतो आणि दर वेळी वेगळं उत्तर येतं म्हणून वैतागतो. इथे थांबून विचारायचं: घड्याळाचं बटण दाबायला तुम्हाला किती वेळ लागतो? एकाने मोजपट्टी उभी धरून सोडायची आणि दुसऱ्याने बोटांनी पकडायची. पट्टी २० सेंटिमीटर घसरली तर साधारण ०.२ सेकंद गेला. म्हणजे एका फेरीच्या मोजणीत चूक फार मोठी होते. वीस फेऱ्या मोजून विसाने भागलं की तीच चूक वीस जणांत वाटल्यासारखी होते. ही युक्ती मी सांगण्याऐवजी मुलांपैकी कोणाला तरी सुचावी म्हणून मी तीन-चार मिनिटं थांबते. बहुतेक वेळा सुचते.

दोन चुका हमखास होतात. एक, लंबक सोडतानाच "एक" म्हणायचं. तिथे "शून्य" म्हणायला हवं, नाहीतर वीस म्हणेपर्यंत एकोणीसच फेऱ्या होतात. दोन, लांबी फक्त दोऱ्याची मोजायची. ती टांगलेल्या बिंदूपासून नटाच्या मध्यापर्यंत मोजायला हवी.

सगळं जमलं तर २५ सेंटिमीटरच्या लंबकाच्या वीस फेऱ्या २० सेकंदांत होतात, ५० सेंटिमीटरच्या सुमारे २८ सेकंदांत आणि १ मीटरच्या ४० सेकंदांत. लांबी दुप्पट केली तरी वेळ दुप्पट होत नाही. वेळ दुप्पट व्हायला लांबी चौपट लागते. हे आकडे फळ्यावर एकाखाली एक आले की वर्गात जी कुजबुज सुरू होते, ती थांबवू नका.

वजनाचं काय? बहुतेक गटांना फरक सापडत नाही आणि ते आपल्या पेनाने लिहिलेल्या अंदाजाकडे बघत बसतात. पण एका वर्षी एका गटाने छातीठोकपणे सांगितलं, "बाई, जड लंबक हळू जातो." तीन-तीनदा मोजलं होतं आणि दर वेळी तेच. मी जवळ जाऊन पाहिलं. त्यांनी एका नटाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे नट एकाखाली एक बांधले होते. वजनाबरोबर लंबकाची लांबीही वाढली होती. मी चूक दाखवली नाही. एवढंच विचारलं, "नट वाढवल्यावर आणखी काय बदललं?" मुलगा पट्टी घेऊन मोजायला बसला, थोड्या वेळाने मान वर करून म्हणाला, "अच्छा! आम्ही दोन गोष्टी बदलल्या." एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे वाक्य मी त्याआधी किती वर्षं फळ्यावर लिहीत होते. त्या मुलाला ते त्या दिवशी कळलं.

तिसऱ्या प्रश्नात तर पुस्तकी उत्तराचीच कसोटी लागते. जास्त दूर ओढलं तरी वेळ तोच, असं आपण सांगून टाकतो. ते लहान कोनांपुरतं खरं आहे. दोरा ६० अंशांपर्यंत ओढून सोडला तर एका फेरीला सुमारे ७ टक्के वेळ जास्त लागतो. झोका कमी होत जातो म्हणून वीस फेऱ्यांत फरक त्याहून थोडा कमी दिसतो, पण १ मीटरच्या लंबकावर एक-दोन सेकंद जास्त नक्की येतात. एखादा गट फरक सापडला म्हणाला, तर त्याला चूक ठरवू नका. कदाचित त्यानेच सर्वांत काळजीपूर्वक मोजलेलं असेल.

पाचवी पायरी: फिरताना प्रश्न विचारा, उपकरण हातात घेऊ नका

तास सुरू झाला की आपले हात शिवशिवतात. वायर उलटी लावलेली दिसते, स्टँड वाकडा दिसतो आणि आपण पटकन नीट करून देतो. धोका असेल तरच हात घाला. एरवी हात मागे बांधून फिरा.

मी चार प्रश्न धरून ठेवले आहेत. काय दिसतंय? आधी काय वाटलं होतं? हे कशावरून म्हणतेस? आणखी काय कारण असू शकेल? प्रश्न विचारल्यावर मनात सात-आठ अंक मोजेपर्यंत गप्प राहायचं. ही शांतता सुरुवातीला आपल्यालाच जड जाते. "बाई, बरोबर आलं का?" असं मूल विचारतंच. त्यावर "तुला काय वाटतं?" म्हटलं तर ते चिडतं, आणि त्याचं चिडणं योग्य आहे, कारण हे टोलवणं झालं. त्यापेक्षा "पुन्हा केलंस तर तेवढंच येईल का? बघ बरं" असं म्हणावं. त्याला पुढे करायला काहीतरी मिळतं.

सहावी पायरी: कच्ची नोंद हीच खरी नोंद

आधी कागदावर कच्चं, मग घरी वहीत सुवाच्य अक्षरात पक्कं, ही पद्धत बंद करा. कच्च्याचं पक्कं होताना ९७ चे १०० होतात. नोंद जागेवरच, वहीतच, पेनाने. चुकलं तर एक आडवी रेघ. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. प्रत्येक वाचन तीनदा, आणि एकक लिहिल्याशिवाय आकडा पुरा नाही. पान दिसायला ओबडधोबड होईल. होऊ द्या.

याहून अवघड गोष्ट म्हणजे दिसलेलं आणि समजून घेतलेलं वेगळं लिहिणं. पान मधोमध दुमडून डावीकडे 'दिसलं' आणि उजवीकडे 'वाटतं' असे दोन रकाने करा. यासाठी मेणबत्तीच्या प्रयोगासारखा दुसरा प्रयोग नाही, म्हणून त्यावर थोडं थांबते.

बशीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात वर चढतं. बहुतेक मुलं, आणि बरीच मोठी माणसंही, लगेच सांगतात: ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो म्हणून पाणी साधारण पाचवा भाग चढलं. ऐकायला अगदी चपखल. पण यात 'दिसलं' किती आणि 'वाटतं' किती?

पुन्हा करायला सांगा, आणि या वेळी पाण्याकडेच बघा म्हणावं. ग्लास ठेवतानाच कडेखालून बुडबुडे बाहेर पडताना दिसतात. ज्योत जळत असताना पाणी फारसं चढत नाही; विझल्यावर भराभर चढतं. ऑक्सिजन खर्च झाल्यामुळे पाणी चढत असतं तर ते ज्योत जळत असतानाच चढत गेलं असतं. आता एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवा, ग्लास तोच. पाणी आणखी वर जातं. ग्लासात हवा तेवढीच, मग ऑक्सिजन वाढला कुठून?

इथपर्यंत आल्यावर मुलं स्वतःच उष्णतेकडे वळतात. ज्योतीने हवा तापते, फुगते, थोडी बाहेर जाते. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते, वाफेचं पाणी होतं, आतला दाब कमी पडतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. तीन मेणबत्त्यांनी हवा जास्त तापते, म्हणून परिणामही जास्त. शिवाय जळताना ऑक्सिजन नुसता नाहीसा होत नाही, त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते. आणि मेणबत्ती विझते तेव्हा ग्लासात निम्म्याहून जास्त ऑक्सिजन शिल्लक असतो. मायकेल फॅरेडेने १८६० च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर एका मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली होती. एवढ्याशा ज्योतीत बघण्यासारखं किती असतं, हे मला या प्रयोगाच्या प्रत्येक तासाला नव्याने कळतं.

सातवी पायरी: शेवटची पंधरा मिनिटं कोणालाही देऊ नका

सामान आवरण्यात, घंटेत, हजेरीत ही मिनिटं हमखास जातात. प्रयोग अर्धवट राहिला तरी चालेल, पण चर्चा पुढच्या तासावर ढकलू नका; तोवर सगळं थंड झालेलं असतं.

सगळ्या गटांची वाचनं फळ्यावर लिहा, कुठलंही न गाळता. पाणी उकळण्याच्या प्रयोगात आता माझ्या फळ्यावर असं काहीतरी येतं: ९६, ९७, ९७, ९८, ९९. पहिला प्रश्न, यातलं बरोबर कुठलं? मुलं सरासरी काढू म्हणतात. दुसरा प्रश्न, सगळ्यांचं पाणी एकाच नळाचं, मग आकडे वेगळे का? थर्मामीटरचा फुगा तळाला टेकला होता का? रेघ तिरकी वाचली का? तिसरा, थर्मामीटर खरंच बिघडला आहे हे कसं ठरवायचं? इथे वितळत्या बर्फाचा बीकर पुढे आणायचा. त्यात थर्मामीटर ० दाखवायला हवा. एखादा उणे १ दाखवतो, मग त्या गटाचे ९७ बहुधा ९८ असतात. "थर्मामीटर बिघडलाय" हे आता तपासता येण्याजोगं विधान झालं.

एवढं करूनही १०० येत नाहीत. मग हवेच्या दाबाचा विषय काढावा. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर वर गेलं की पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. आपली शाळा किती उंचीवर आहे, हा घरी शोधून आणायचा प्रश्न. १०० हा आकडा मुलांच्या मनातून जात नाही, पण त्याच्यापुढे 'समुद्रसपाटीला, नेहमीच्या दाबाला' ही अट जोडली जाते.

शेवटी प्रत्येकाने आपल्या अंदाजाखाली एक ओळ लिहायची: आता काय वाटतं आणि कशामुळे.

प्रयोग फसला तर

फसतोच. बी रुजत नाही, पान आयोडीनने काळं पडत नाही, दमट हवेत फुग्याला विद्युतभार धरत नाही. "खरं तर असं व्हायला हवं होतं, तसं लिहा" हे वाक्य मात्र तोंडातून जाऊ देऊ नका. त्या एका वाक्याने मुलांना कळतं की निरीक्षणाला इथे किंमत नाही. झालं ते लिहू द्या, आणि का झालं नसावं याची तीन कारणं काढायला लावा. त्यातलं तपासता येण्याजोगं एक पुढच्या आठवड्यात तपासा.

सुरक्षितता: इथे चर्चा नाही, नियम

बाकी सगळीकडे मुलांना चुकू द्यावं, इथे नाही. आम्ल नेहमी पाण्यात, थोडंथोडं, ढवळत. आम्लात पाणी कधीही नाही. परीक्षानळी तापवताना तोंड कोणाकडेही नको, स्वतःकडेही नाही. केस बांधलेले, ओढणी खोचलेली, डोळ्यांवर संरक्षक चष्मा. सूर्याकडे भिंगातून किंवा दुर्बिणीतून कधीही बघायचं नाही. विजेचे प्रयोग सेलवर, भिंतीतल्या वीजजोडणीवर नाही.

पानातलं हरितद्रव्य काढताना स्पिरिट थेट ज्योतीवर तापवू नका. आधी पाणी गरम करा, ज्योत विझवा, मग त्या गरम पाण्यात स्पिरिटची नळी ठेवा. पेटत्या ज्योतीजवळ बाटलीतून स्पिरिट किंवा मिथेनॉल ओतण्याचे रंगीत ज्योतींचे प्रयोग करूच नका. त्यांत विद्यार्थी गंभीर भाजल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

पाऱ्याचे थर्मामीटर शाळेतून काढून टाका, अल्कोहोलचे वापरा. पाऱ्यासंबंधीचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला. तो मान्य करणाऱ्या देशांनी, काही सवलती सोडता, २०२० नंतर असे थर्मामीटर बनवणं आणि त्यांची आयात-निर्यात थांबवायची आहे. जुने असतील तर केरात टाकू नका. घातक कचरा जिथे स्वीकारतात तिथेच द्या.

भाजलं तर लगेच नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं. बर्फ नको, टूथपेस्ट नको. डोळ्यात काही उडालं तर पापणी उघडी धरून १५ ते २० मिनिटं पाण्याने धुवत राहायचं आणि डॉक्टरकडे न्यायचं. हे दोन नियम मुलांनाही पाठ हवेत, कारण त्या क्षणी आपण दुसऱ्या टोकाला असू शकतो.

प्रयोगशाळाच नसेल तर

एक सेल, एक वायर, एक छोटा तंतूचा बल्ब. बल्ब लावून दाखवा. एवढाच प्रयोग आणि एवढंच सामान. आधी चित्र काढायला सांगा. बरीच मुलं सेलच्या वरच्या टोकापासून बल्बच्या बुडापर्यंत एकच रेघ काढतात. नळातून पाणी यावं तशी वीज सेलमधून बल्बमध्ये येते अशी त्यांची कल्पना असते. करून बघितल्यावर बल्ब लागत नाही. मग फिरवाफिरवी, उलटं, आडवं. शेवटी कोणीतरी बल्बचं बूड सेलवर टेकवतं, वायर सेलच्या दुसऱ्या टोकापासून बल्बच्या धातूच्या कडेला लावतं, आणि बल्ब लागतो. त्या क्षणाचा आवाज शेजारच्या वर्गात जातो. मग बल्ब हातात घेऊन बघायला सांगा: आतल्या तंतूची दोन टोकं कुठे कुठे जोडलेली आहेत? 'परिपथ पूर्ण व्हावा लागतो' हे वाक्य यानंतर सांगा, आधी नाही. वायर सेलच्या दोन्ही टोकांना थेट जोडली तर ती तापते, एवढी सूचना मात्र सुरुवातीलाच द्या. एलईडी देऊ नका; तो उलटा लावला तर लागत नाही, शिवाय एका सेलवर नीट पेटतही नाही.

चित्रफिती आणि संगणकावरचे आभासी प्रयोग मी वापरते, जिथे खरी गोष्ट फार लहान, फार हळू किंवा धोक्याची असते तिथे. बाकी ठिकाणी त्यांत मोठी उणीव आहे: त्यांत नट एकाखाली एक बांधता येत नाहीत.

गुण कशाला द्यायचे

वहीच्या नीटनेटकेपणाला दिले की मुलं वही नीटनेटकी करतात. त्याऐवजी वर्षातून दोनदा मी न शिकवलेला एक छोटा प्रश्न सामानासह देते. दोन प्रकारचे कागद. कुठला जास्त पाणी शोषतो ते वीस मिनिटांत ठरव आणि मला पटवून दे. तुकडे सारखे कापले का, पाणी मोजलं का, एकदाच केलं की तीनदा, निकालापेक्षा जास्त बोललं का, एवढंच बघते. तोंडी परीक्षेत व्याख्या न विचारता त्याच्याच वहीतलं एक वाचन दाखवून विचारते, "हे बाकीच्यांपेक्षा वेगळं का आलं असेल?" लाल आणि हिरवा रंग वेगळे न ओळखणारं मूल वर्गात असू शकतं, रंगबदलाच्या प्रयोगात त्याचा गुण डोळ्यांमुळे जाऊ नये म्हणून जोडीदाराने रंग सांगायला आणि त्याने अर्थ लावायला माझी परवानगी असते.

आणि स्वतःसाठीही एक वही ठेवा. तास संपल्यावर, चहाच्या आधी, पाच ओळी: किती वेळ लागला, कुठे सामान अडलं, मुलांचे कोणते अंदाज आले, कोणता प्रश्न कामाला आला, पुढच्या वेळी काय गाळायचं. माझ्या लंबकाच्या पानावर लिहिलं आहे, 'नट एकाखाली एक बांधू द्यावेत, आधी सांगू नये.'